जूनटीन्थ : गुलामी संपल्याचा दिवस अमेरिका १९ जूनलाच का पाळते?

अमेरिकी क्लायंटसोबत काम करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या आयटी कर्मचाऱ्यांना गेल्या काही वर्षांत जून महिन्यात एक नवी सुट्टी कॅलेंडरवर दिसू लागली आहे. चार जुलै सगळ्यांना माहीत असतो. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसही माहीत असतात. पण १९ जूनला टपाल कार्यालयं बंद, बँका बंद, न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद, ते कशासाठी?

या सुट्टीचं नाव 'जूनटीन्थ'. 'जून' आणि 'एकोणिसावा' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'नाइन्टीन्थ' बोलता बोलता एकमेकांत मिसळले आणि हा शब्द तयार झाला. तो कुणा सरकारी समितीने ठरवलेला नाही. टेक्सासमधल्या कृष्णवर्णीय लोकांच्या तोंडी तो एकोणिसाव्या शतकापासून रुळलेला आहे.

एका ओळीत सांगायचं तर हा अमेरिकेतली गुलामी संपल्याचा दिवस. मात्र ही एक ओळ जरा फसवी आहे. १९ जून १८६५ ला अमेरिकेतली गुलामी संपली नव्हती. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा त्याआधी अडीच वर्षं लागू झाला होता. संविधानाने गुलामीवर बंदी घातली ती त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. मग या दोन मोठ्या तारखा सोडून लोकांनी मधलीच एक तारीख का धरून ठेवली? तीही राजधानीतली नाही, तर टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टन नावाच्या बंदरातली?

लिंकन यांच्या जाहीरनाम्याने काय केलं?

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री होत असे, कर्जासाठी ती गहाण ठेवली जात, मालक मेला की वारसांत वाटली जात. १८६०-६१ मध्ये गुलामी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची ११ राज्यं देशातून फुटली आणि यादवी युद्ध सुरू झालं.

सप्टेंबर १८६२ मध्ये लिंकन यांनी बंडखोर राज्यांना इशारा दिला आणि १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा लागू केला. बंडखोरांच्या ताब्यातल्या प्रदेशातले सगळे गुलाम यापुढे स्वतंत्र आहेत, असं त्यात म्हटलं होतं.

यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे, हा युद्धकाळातला लष्करी उपाय होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी या चार राज्यांत गुलामी होती, पण ती बंडात सामील नव्हती. त्यांना दुखवून चालणार नव्हतं, म्हणून जाहीरनामा त्यांना लागूच केला नाही. त्या चार राज्यांत मिळून चार लाखांहून जास्त गुलाम होते. दुसरी अडचण आणखी साधी होती. जिथे तो लागू केला, तिथे लिंकन यांचा हुकूम चालत नव्हता. शत्रूच्या मुलखात कायदा लागू करायचा तर तिथे आधी सैन्य पोहोचायला हवं.

त्यामुळे गुलामांची मुक्ती ही एका तारखेला घडलेली गोष्ट नव्हती. उत्तरेचं सैन्य जसजसं पुढे सरकत गेलं, तसतशी ती गावागावाने, मळ्यामळ्याने घडत गेली. लाखो लोकांनी सैन्याची वाटही पाहिली नाही. ते स्वतःच पळून सैन्याच्या छावण्यांत पोहोचले. त्यातले कितीतरी पुरुष गणवेश चढवून उलट दक्षिणेशी लढायला गेले.

टेक्सास मागे का राहिलं?

टेक्सास दक्षिणेच्या पार पश्चिम टोकाला आहे. मोठ्या लढाया झाल्या त्या व्हर्जिनिया, टेनेसी, मिसिसिपीकडे. उत्तरेच्या सैन्याने ऑक्टोबर १८६२ मध्ये गॅल्व्हस्टन बंदर घेतलं होतं खरं, पण दक्षिणेच्या फौजांनी अचानक हल्ला करून ते परत मिळवलं. त्या हल्ल्याची तारीख होती १ जानेवारी १८६३. ज्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला, नेमक्या त्याच दिवशी गॅल्व्हस्टन पुन्हा गुलामांच्या मालकांच्या हाती गेलं आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्याच हाती राहिलं.

हे कळल्यावर शेजारच्या राज्यांतल्या मालकांनी काय केलं असेल? न्यू ऑर्लिन्स पडलं, मग व्हिक्सबर्ग पडलं, तसे लुइझियाना, मिसिसिपी, आर्कान्सामधले मळेवाले आपल्या गुलामांना घेऊन टेक्सासकडे निघाले. शेकडो मैल, बहुतेकदा पायी. दागदागिने लुटारूंपासून लांब न्यावेत तशी ही माणसं मुक्तीपासून लांब नेली जात होती. १८६० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम होते. युद्ध संपताना हा आकडा अडीच लाखांच्या आसपास गेला होता, असं इतिहासकार मानतात. बाकी दक्षिणेत गुलामी कोसळत होती, तेव्हा टेक्सासमध्ये ती वाढत होती.

जूनटीन्थबद्दल हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी, की टेक्सासच्या गुलामांना आपण स्वतंत्र झाल्याचं अडीच वर्षं कळलंच नाही. निरोप्याला वाटेत ठार मारलं, निरोप्या खेचरावरून निघाला होता, अशा दंतकथाही आहेत. ऐकायला त्या चांगल्या वाटतात, पण त्यांनी मूळ मुद्दा झाकला जातो. बातमी पोहोचली नव्हती असं नाही. टेक्सासच्या वर्तमानपत्रांत लिंकन यांच्या जाहीरनाम्याची चर्चा होत होती आणि मालक लोक ती वाचत होते. घरात वाढपी किंवा बग्गी हाकणारा म्हणून राबणाऱ्या गुलामांच्या कानांवरही ती पडत होती आणि रात्री झोपड्यांमधून पसरत होती. काही जण तर रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोत पळूनही जात होते, कारण मेक्सिकोने गुलामी केव्हाच बंद केली होती.

म्हणजे मालकांना कायदा ठाऊक होता. तो पाळायला लावणारं मात्र तिथे कुणी नव्हतं.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी व्हर्जिनियात शरणागती पत्करली. पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. तरीही टेक्सासमधलं सैन्य शरण आलं नव्हतं. मे महिन्याच्या मध्यावर तिथे एक लढाईसुद्धा झाली. त्या भागातल्या दक्षिणी फौजांच्या शरणागतीवर सही झाली ती २ जूनला. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर सुमारे दोन हजार सैनिकांसह गॅल्व्हस्टनमध्ये दाखल झाले. १९ जूनला त्यांच्या कचेरीतून काही आदेश निघाले. त्यातला तिसरा, 'जनरल ऑर्डर क्रमांक ३', म्हणजे जूनटीन्थचं मूळ.

आदेशात नेमकं काय होतं?

हा आदेश जेमतेम शंभर शब्दांचा आहे. त्यावर ग्रेंजर यांच्या वतीने त्यांच्या हाताखालच्या एका मेजरने सही केली होती. त्याची हस्तलिखित नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या लष्करी नोंदवहीत आहे. २०२० मध्ये ती शोधून लोकांपुढे ठेवण्यात आली. आदेश लहान असला तरी एकेक वाक्य सावकाश वाचण्यासारखं आहे.

पहिलं वाक्य सांगतं, की अमेरिकेच्या अध्यक्षांच्या जाहीरनाम्यानुसार सर्व गुलाम स्वतंत्र आहेत.

दुसरं वाक्य लिंकन यांच्या जाहीरनाम्याच्याही पुढे जातं. आधीचे मालक आणि आधीचे गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता राहील, आणि यापुढे त्यांचं नातं काम देणारा आणि मजुरीवर काम करणारा एवढंच असेल, असं त्यात म्हटलं आहे. 'संपूर्ण समानता' हे शब्द १८६५ मध्ये एका लष्करी कागदावर येणं सोपं नव्हतं. काल ज्याला बाजारात उभं करून विकता येत होतं, तो आज मालमत्तेच्या हक्कात मालकाच्या बरोबरीचा, असा त्याचा अर्थ होता. मालकांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

तिसऱ्या वाक्यापासून सूर बदलतो. मुक्त झालेल्यांनी सध्याच्या घरीच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, असा सल्ला त्यांना दिला आहे. सध्याचं घर म्हणजे कुठलं? ज्या मळ्यावर कालपर्यंत गुलाम म्हणून राबलो, तिथलीच झोपडी. मजुरी किती, ती कोण ठरवणार, मालकाने दिली नाही तर दाद कुठे मागायची, याबद्दल आदेशात एक शब्द नाही.

शेवटचं वाक्य तर थेट बजावणारं आहे. त्यांना लष्करी ठाण्यांभोवती गोळा होऊ दिलं जाणार नाही, आणि तिथे किंवा कुठेही आळसात बसून पोसलं जाणार नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक पैसा न घेता कापूस वेचला, त्यांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी आळशीपणाबद्दल तंबी मिळाली. ज्यांनी आयुष्यात स्वतःचा कापूस कधी वेचला नव्हता, त्यांना मात्र आदेशात असली काही सूचना नाही.

ही दोन्ही टोकं एकाच कागदावर आहेत, म्हणूनच जूनटीन्थ निव्वळ आनंदाचा दिवस म्हणून समजून घेता येत नाही. वरच्या दोन वाक्यांत अमेरिकेने जे वचन दिलं आणि खालच्या दोन वाक्यांत त्यातून जे काढून घेतलं, त्या ओढाताणीतच टेक्सासची पुढची शंभर वर्षं गेली.

आदेशानंतर काय झालं?

आदेश वर्तमानपत्रांत छापला गेला, पण तो प्रत्येक मळ्यावर एका दिवसात पोहोचला नाही. टेक्सास हे आजच्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं राज्य आहे आणि सैन्य होतं थोडं. गुलामांना बातमी सांगण्याचं काम बहुतेक ठिकाणी मालकांनीच करायचं होतं. अनेकांनी कापसाची वेचणी उरकेपर्यंत तोंड उघडलं नाही. १९३० च्या दशकात सरकारी लेखन प्रकल्पाने गुलामीत जन्मलेल्या वृद्धांच्या मुलाखती नोंदवून घेतल्या. टेक्सासमधल्या त्या मुलाखतींत हे पुन्हा पुन्हा येतं: मालकाने अंगणात बोलावलं, कागद वाचून दाखवला, आणि लगेच विचारलं की पीक निघेपर्यंत थांबणार का. कुठे हे महिन्याभराने घडलं, कुठे आणखी उशिरा.

तरीही बरेच जण त्याच दिवशी चालू लागले. कुठे जायचं हे ठरलं नव्हतं, तरी परवानगीशिवाय मळ्याची हद्द ओलांडता येते का, हे पाहणंच महत्त्वाचं होतं. काहींना मारहाण झाली, काहींना ठार मारण्यात आलं. पुष्कळ जण निघाले ते विकल्या गेलेल्या मुलांच्या, बायकोच्या, आईच्या शोधात. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत अशा शोधाच्या जाहिराती पुढे कितीतरी वर्षं छापल्या जात होत्या. शेवटचं कुठे पाहिलं, तेव्हाच्या मालकाचं नाव काय, कुठे विकल्याचं ऐकलं होतं, असा त्यातला मजकूर असे.

६ डिसेंबर १८६५ ला संविधानाची तेरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि गुलामी देशभर बेकायदा ठरली. मेरीलँड आणि मिसूरीने तोवर आपणहून गुलामी बंद केली होती. केंटकी आणि डेलावेअरमधले उरलेले गुलाम मात्र सुटले ते या दुरुस्तीमुळेच, म्हणजे टेक्सासनंतर. 'सर्वांत शेवटी टेक्सास' हे वर्णन म्हणूनच काटेकोरपणे पाहिलं तर बरोबर नाही. टेक्सास हे बंडखोर राज्यांतलं शेवटचं.

या दुरुस्तीत एक अपवाद आहे आणि त्याच्याकडे आजही बोट दाखवलं जातं. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम करून घ्यायला तिने मुभा ठेवली. दक्षिणेकडच्या राज्यांनी लगेच असे कायदे केले, की बेरोजगार कृष्णवर्णीय माणूस रस्त्यावर दिसला तर तो भटकेपणाचा गुन्हेगार ठरे. टेक्सासच्या १८६६ च्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना मतदान नाकारलं, ज्युरीत बसणं नाकारलं, आणि सरकारी जमिनीचं वाटप फक्त गोऱ्यांपुरतं ठेवलं. कैद्यांना खासगी मळ्यांना भाड्याने देण्याची पद्धत पुढे बोकाळली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड या गावात २०१८ मध्ये शाळेच्या बांधकामाच्या जागी ९५ जणांचे अवशेष सापडले. ते अशाच भाड्याने दिलेल्या कैद्यांचे होते, ऊसमळ्यांवर राबून मेलेल्यांचे. गावाचं नावच साखरेवरून पडलं आहे.

पुण्यातून दिसलेली अमेरिका

या साऱ्या घडामोडींकडे त्या काळी पुण्यातलं एक माणूस लक्ष ठेवून होतं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दलचा आदर म्हणून ही अर्पणपत्रिका होती. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावं, अशी इच्छा तिच्यात व्यक्त केली होती. गॅल्व्हस्टनच्या आदेशाला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

फुल्यांना अमेरिकेचं चित्र जरा जास्तच उजळ दिसलं का? १८७३ सालात उभं राहून पाहिलं तर तसं म्हणता येत नाही. तेव्हा दक्षिणेत अजून केंद्राचं सैन्य होतं, कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते. टेक्सासच्या विधिमंडळातही ते निवडून गेले होते. मॅथ्यू गेन्स आणि जॉर्ज रूबी हे दोघे १८७० मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये बसले, आणि त्यातले गेन्स तर स्वतः गुलामीत जन्मलेले. १८७७ नंतर केंद्राने हात काढून घेतला, मतदानाचे हक्क एकेक करून हिरावले गेले आणि वंशभेदाचे कायदे घट्ट झाले. फुल्यांनी पुस्तक लिहिलं तेव्हा ही घसरण व्हायची होती.

लोकांनी हा दिवस कसा जपला?

पहिला वर्धापनदिन १८६६ मध्ये साजरा झाला. सुरुवातीला त्यात चर्चमधली प्रार्थना, लिंकन यांच्या जाहीरनाम्याचं जाहीर वाचन, गाणी, भाषणं आणि भरपूर जेवण असे. गुलामीतून आलेल्या म्हाताऱ्यांना पुढे बसवून त्यांच्या आठवणी सांगायला लावत. लोक ठेवणीतले कपडे घालून येत. मतदान कसं करायचं, उमेदवार कोण, याची माहितीही याच मेळाव्यांत दिली जाई. सण आणि राजकीय सभा असे वेगळे कप्पे तेव्हा नव्हते.

लवकरच जागेचा प्रश्न आला. सार्वजनिक बागांमध्ये कृष्णवर्णीयांना जमू देत नसत. ह्यूस्टनमध्ये जॅक येट्स या पूर्वी गुलाम असलेल्या धर्मोपदेशकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गणी गोळा करून १८७२ मध्ये दहा एकर जमीन विकत घेतली. तिचं नाव ठेवलं इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्ती उद्यान. सात वर्षांपूर्वी ज्यांना कायद्याने स्वतःचा देहही मालकीचा नव्हता, त्यांनी विकत घेतलेली ही जमीन. हे उद्यान आजही आहे आणि जूनटीन्थला तिथे गर्दी होते.

या दिवसाच्या जेवणात लाल रंगाला मान आहे: लाल सोडा, कलिंगड, लाल केक, आणि निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेलं मांस. हा लाल रंग सांडलेल्या रक्ताची आठवण आहे असं बरेच जण सांगतात. काही अभ्यासक तो पश्चिम आफ्रिकेतल्या कोला फळाच्या आणि अंबाडीच्या जातीच्या फुलांपासून बनणाऱ्या लाल पेयांशी जोडतात. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सण ओसरला. टेक्सासमध्ये मतदानावर कर बसला, पक्षांतर्गत निवडणुकांतून कृष्णवर्णीयांना वगळलं गेलं. गोऱ्या मालकांकडे काम करणाऱ्यांना आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा मिळेना. पण त्याच काळात टेक्सासमधून लॉस एंजेलिस, ओकलंड, शिकागोकडे गेलेल्या कुटुंबांनी तो सोबत नेला.

त्याला पुन्हा उभारी मिळाली १९६८ मध्ये. मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिलमध्ये हत्या झाली होती. त्यांनी आखलेली गरिबांची मोहीम सहकाऱ्यांनी पुढे नेली आणि १९ जूनला वॉशिंग्टनमध्ये मोठी सभा झाली. देशभरातून आलेले लोक परतताना जूनटीन्थची कल्पना आपापल्या शहरात घेऊन गेले. १९७९ मध्ये ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांच्या विधेयकामुळे टेक्सासने १९ जूनला राज्याची सुट्टी दिली. असं करणारं ते पहिलं राज्य.

तेव्हा विरोध फक्त गोऱ्यांचा नव्हता. टेक्सासमधल्या काही कृष्णवर्णीय नेत्यांनाही ही सुट्टी पटली नव्हती. उशिरा मिळालेल्या स्वातंत्र्याचा उत्सव कसला करायचा, असा त्यांचा आक्षेप होता. तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याला लोकांनी दिलेलं उत्तर साधं आहे. मुक्तीचा दिवस आमच्या आजी-आजोबांनी ज्या दिवशी अनुभवला तो, लिंकन यांनी ज्या दिवशी सही केली तो नव्हे.

ओपल ली आणि २०२१ चा कायदा

राष्ट्रीय सुट्टीच्या मागणीमागे सर्वांत ठळक चेहरा होता तो फोर्ट वर्थच्या निवृत्त शिक्षिका ओपल ली यांचा. त्यांचा जन्म १९२६ चा. १९३९ मध्ये त्यांचं कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलं. काही दिवसांतच गोऱ्यांच्या जमावाने त्या घरावर हल्ला केला आणि ते उद्ध्वस्त केलं. ती तारीख होती १९ जून. ओपल तेव्हा १२ वर्षांच्या होत्या.

२०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या वॉशिंग्टनच्या दिशेने चालायला लागल्या. वेगवेगळ्या शहरांत त्या प्रत्येकी अडीच मैल चालत, कारण टेक्सासपर्यंत मुक्ती पोहोचायला अडीच वर्षं लागली होती. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, देशभर निदर्शनं झाली, आणि अनेक वर्षं रखडलेली मागणी अचानक पुढे सरकली. जून २०२१ मध्ये सिनेटने विधेयक एकमताने मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी. १७ जूनला अध्यक्ष जो बायडन यांनी सही केली तेव्हा ओपल ली तिथे हजर होत्या. किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीचा कायदा १९८३ मध्ये झाला होता, त्यानंतरची ही पहिली नवी राष्ट्रीय सुट्टी.

ज्यांनी विरोधात मत दिलं, त्यांच्यातल्या काहींचा आक्षेप नावाला होता. कायद्यात या दिवसाला 'जूनटीन्थ राष्ट्रीय स्वातंत्र्य दिन' म्हटलं आहे, आणि देशाला दोन स्वातंत्र्य दिन कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रश्नाचं उत्तर फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्येच दिलं होतं. गुलामीतून पळून आलेले हे वक्ते ५ जुलैला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये बोलले आणि गुलामाला चार जुलैचं काय, असं त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना विचारलं होतं.

इकडे, बायडन यांच्या सहीच्या दोनच दिवस आधी, १५ जूनला, टेक्सासच्या गव्हर्नरांनी आणखी एका कायद्यावर सही केली होती. वंशभेदाबद्दल शाळेत काय आणि कसं शिकवायचं, यावर त्या कायद्याने बंधनं घातली. मतदानाच्या हक्कांचं संरक्षण करणारी विधेयकं त्याच वर्षी सिनेटमध्ये अडकून पडली. सुट्टी सर्वांना मान्य झाली, कारण ती देण्याने कुणाचं काही जात नव्हतं, अशी टीका तेव्हा कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनीच केली. बाजारानेही संधी सोडली नाही. पुढच्याच वर्षी एका बड्या विक्री साखळीने जूनटीन्थ आइस्क्रीम काढलं आणि लोक भडकल्यावर मागे घेतलं.

सुट्टी राष्ट्रीय असली तरी ती सगळ्यांना मिळतेच असं नाही. केंद्राचा कायदा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा देतो. राज्यं आपापलं ठरवतात आणि खासगी कंपन्या त्यांचं. कार्यालयात बसणाऱ्यांना ती बहुधा मिळते. गोदामात, हॉटेलात, दुकानात तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळांना मिळत नाही.

गॅल्व्हस्टनमध्ये जिथे ग्रेंजर यांची कचेरी होती, ती इमारत आता नाही. त्या जागेशेजारच्या भिंतीवर सुमारे पाच हजार चौरस फुटांचं एक चित्र आहे. ह्यूस्टनचे चित्रकार रेजिनाल्ड अ‍ॅडम्स यांच्या गटाने ते काढलं आणि १९ जून २०२१ ला त्याचं लोकार्पण झालं. त्याचं शीर्षक आदेशाच्या दुसऱ्या वाक्यातून घेतलेलं आहे: 'संपूर्ण समानता'. ओपल ली यांच्या कुटुंबाचं उद्ध्वस्त झालेलं घर फोर्ट वर्थमध्ये जिथे होतं, त्याच जागेवर त्यांच्यासाठी नवं घर बांधण्यात आलं. २०२४ च्या जूनमध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना त्याच्या किल्ल्या मिळाल्या.